गाळी बेकु, सद्दु ब्याड!

सुरतचं उधना म्हणजे यंत्रमागांचा भाग. खानदेशातून, सोलापूरकडून पोटासाठी आलेली कितीतरी मराठी माणसं इथं बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो आणि त्याच एका खोलीत मुलांचा कॉम्प्युटर चालू असतो.

माझ्या मावसभावाच्या घरी हेच चाललं होतं. पुतण्या साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. दुपारी प्रोसेसरवरचा पंखा घोंघावू लागला की भावाची झोप मोडायची. वहिनी अक्कलकोटच्या. त्यांनी कन्नडमधून एकच अट घातली, "गाळी बेकु, सद्दु ब्याड!" वारा हवा, आवाज नको.

हे जमतं का? जमतं. प्रोसेसरबरोबर येणारा पंखा लहान असतो, म्हणून त्याला जोरात फिरावं लागतं. १२० मिलिमीटरचा मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढाच वारा देतो. त्याच्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा उभा मनोरा असतो. तांब्याच्या नळ्यांमधल्या द्रवाची वाफ होते, ती वर जाऊन थंड होते आणि उष्णता पट्ट्यांना देऊन पुन्हा खाली येते.

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून न्या. प्रोसेसरचा सॉकेट कोणता, तो किती वॅटचा, आणि कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर बसतो. २०१४ मध्ये आलेला नॉक्टुआचा एनएच-डी १५ नावाजलेला आहे, पण त्याची उंची १६५ मिलिमीटर. अरुंद कॅबिनेटचं झाकणच लागणार नाही! ६५ वॅटच्या साध्या प्रोसेसरला चार नळ्यांचा, एका पंख्याचा कूलर पुरतो. पंख्याची पिन चार टोकांची घ्या, म्हणजे काम कमी असताना तो आपोआप हळू फिरतो.

मात्र आधी जुना पंखा साफ करून पाहा. मागांच्या वस्तीत सुताचे बारीक तंतू पट्ट्यांमध्ये अडकतात. वारा कोंडतो, तापमान चढतं आणि पंखा ओरडतो. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, पातं बोटानं धरून मऊ ब्रशनं झाडा. कूलर उचललात तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा.

आणि एक लक्षात असू द्या. कूलर कितीही भारी असला, तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. म्हणून कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.