एक पाऊस, दोन इशारे

22 जुलै 2021 रोजी महाड शहरात सावित्रीचे पाणी चढत होते. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. पाऊस एकच होता. वाचण्याची वाट मात्र दोन्हीकडे वेगळी. पुरात माडीवर चढलेला माणूस वाचू शकतो. डोंगराच्या पायथ्याला घरात थांबणे हाच धोका. म्हणून ‘नागरिकांनी सतर्क राहावे’ हे वाक्य दोघांनाही अपुरे पडते.

पुराचा इशारा मोजून देता येतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूरवरून महाडला येते. म्हणजे महाडकरांनी रायगडबरोबर सातारा जिल्ह्यातल्या पावसावरही नजर ठेवायला हवी. त्या वेळी महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला होता. त्यात गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी, शिवाय बाणकोट खाडीची भरती. महाडला सावित्रीची धोका पातळी 6.50 मीटर आहे. पण दुकानदाराला नुसता आकडा काय सांगणार? पाणी किती वाजेपर्यंत कोणत्या आळीत शिरेल, हे त्याला कळले पाहिजे.

दरडीला अशी पट्टी नाही. सततच्या पावसाने माती पाणी पिते, जड होते, खडकावरची तिची पकड सुटते. नेमका क्षण सांगता येत नाही. जमिनीला नव्या भेगा, कललेली झाडे, अचानक गढूळ झालेला झरा ही चिन्हे प्रथम वाडीतल्या माणसालाच दिसतात. कायद्याने जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. पण वीज गेली, रस्ता खचला, फोन मुका झाला, तर त्यांचा हुकूम वाडीपर्यंत पोहोचणार कसा? म्हणून किती पावसाला घरे सोडायची, कोणत्या शाळेत जायचे, दवंडी कोणी द्यायची, हे सरपंच, पोलीस पाटील आणि तलाठी यांनी मे महिन्यातच गावासमोर ठरवून ठेवावे.

यात एक अडचण खरी आहे. तीन रात्री शाळेत काढल्या आणि डोंगर हलला नाही, तर चौथ्या रात्री कोणी उठत नाही. त्यावर उपाय इशारा टाळणे हा नाही. काल किती पाऊस मोजला, कोणती भेग पाहिली आणि म्हणून का हलवले, हे दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला सांगावे. कारण समजलेला माणूस पुन्हा उठतो.

2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. 16 वर्षांनी तळिये. पुढच्या पावसाआधी प्रत्येक वाडीने एवढे तरी विचारावे: आमच्याकडे ‘निघा’ कोण म्हणणार?