शेवटचा स्वर

अमेरिकेत इटालियन भाषेच्या वर्गात असेही विद्यार्थी बसतात, ज्यांचे आडनाव इटालियन आणि बोलणे मात्र इंग्रजी. पणजोबा आगबोटीने तेथे गेले, नातवंडे इंग्रजीत वाढली, आणि आता पतवंडे कॉलेजात फी भरून पणजोबांची भाषा व्याकरणाच्या पुस्तकातून शिकतात. हे वाचताना आम्हांला आमच्या मॉरिशसची मराठी मुले आठवतात, म्हणून आज हा विषय.

इंग्रजी बोलणारा इटालियन शिकताना अडतो तो शब्दाच्या टोकाशी. 'लिब्रो' म्हणजे पुस्तक, 'लिब्री' म्हणजे पुस्तके. 'कासा' म्हणजे घर, 'कासे' म्हणजे घरे. लिंग, वचन, सारे त्या शेवटच्या स्वरात. पावलो गेला तर 'आंदातो', मारिया गेली तर 'आंदाता'. इंग्रजीत दोघेही एकाच क्रियापदाने जातात, त्यामुळे बिचारा विद्यार्थी मारियालाही 'गेला' म्हणून मोकळा होतो! 'मला पुस्तके आवडतात' हे वाक्य तर इटालियन माणूस थेट आपल्यासारखेच बांधतो: 'मी पियाच्चोनो इ लिब्री'. त्यांचे 'मी' म्हणजे आपले 'मला', आणि क्रियापद पुस्तकांच्या मागून चालते. इंग्रजीत आवडणारा माणूसच कर्ता, म्हणून येथेही गोंधळ.

पण ज्यांच्या घरी इटालियन शब्द ऐकू येत होते, ती मुले तरी का अडावीत? १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतले बहुतेक दक्षिणेकडचे, नेपल्स, कालाब्रिया, सिसिलीकडचे. ते आपापली बोली बोलत. पुस्तकातली इटालियन त्यांच्यापैकी अनेकांना परकीच होती. नेपल्सकडच्या बोलींत शेवटचा स्वर पुसट उच्चारतात. न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरांत तो पार गळाला. 'रिकोत्ता'चे 'रिगोट' झाले, 'कापोकोल्लो' या मांसाच्या पदार्थाचे 'गाबागूल'. खाण्याचे शब्द उरले. व्याकरण ज्या टोकावर होते ते टोकच गेले. पुढे महायुद्धात, १९४२ मध्ये, नागरिकत्व न घेतलेले सुमारे ६ लाख इटालियन ऑक्टोबरपर्यंत शत्रुदेशाचे रहिवासी ठरले. शत्रूची भाषा बोलू नका, अशी भित्तिपत्रके लागली. मग मुलांशी घरात कोण इटालियन बोलणार?

याच्या आधीची एका शिक्षकाची हकीकत आम्हांला फार जवळची वाटते. लेओनार्दो कोव्हियेल्लो हा मुलगा १८९६ साली न्यूयॉर्कला आला. उच्चाराला सोपे जावे म्हणून शाळेत बाईंनी त्याच्या आडनावातला एक स्वर गाळला, आणि तो लिओनार्ड कोव्हेलो झाला. नाव असे बदलते का, म्हणून घरी वाद झाला, पण नाव तसेच राहिले. मोठेपणी हाच कोव्हेलो न्यूयॉर्कच्या एका हायस्कुलात इटालियन शिकवू लागला. इटालियनला फ्रेंचच्या बरोबरीचे स्थान मिळावे म्हणून तो झगडला, आणि १९२२ मध्ये शहराच्या हायस्कुलांत ते मिळाले. त्याला मुलाचे आई-बापांशी तुटलेले बोलणे जोडायचे होते. नुसत्या परीक्षेतल्या गुणांसाठी हा खटाटोप नव्हता.

येथे आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. प्रशिक्षण संपवून आम्ही नवे नवे वर्गावर गेलो, तेव्हा एका मुलीने वहीत 'आजी खंय गेला' असे लिहिले होते. घरी क्रिओल बोलणारी मुलगी. क्रिओलमध्ये आजी-आजोबांना क्रियापद एकच, तेव्हा 'गेला' ही चूक अमेरिकन विद्यार्थ्याचीच. ती आम्ही सुधारली. पण त्याच लाल शाईने 'खंय'ही खोडले आणि वर 'कुठे' लिहिले. 'खंय' कोकणातून आलेले, तिच्या आजीच्या तोंडचे. आमची स्वतःची आजीही तेच म्हणे!

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गुरुजी, आजी म्हणते तिला मराठी येत नाही."

आता आम्ही फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहितो. 'गेला'चे 'गेली' मात्र अजून रोज करावे लागते.