रात्रीची लघवी : वयाचा दोष की आजाराची सूचना?

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाला रात्री दोन-तीन वेळा लघवीसाठी उठावे लागले, तर 'वयोमानाने असे व्हायचेच' असे म्हणून घरातील मंडळी स्वस्थ राहतात. संकोचामुळे डॉक्टरांपाशीही हा विषय निघत नाही. वस्तुतः वारंवार झोपमोड करणारी लघवी ही पुष्कळदा शरीरातील एखाद्या बिघाडाची सूचना असते.

प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणतः ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. रात्री मेंदूतून एक संप्रेरक अधिक स्रवते व मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात. म्हणून सलग झोप लागते. वाढत्या वयात हे संप्रेरक कमी पडू लागते. त्यामुळे रात्री एकदा उठावे लागणे फारसे चिंतेचे नाही. त्याहून अधिक वेळा उठावे लागत असेल, तर कारण शोधले पाहिजे.

पुरुषांमधील एक प्रमुख कारण म्हणजे पुरःस्थ ग्रंथी, अर्थात प्रोस्टेट, वाढणे. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाखाली मूत्रमार्गाला वेढून असते. उतारवयात ती वाढून मार्गावर दाब आणते. धार बारीक होते, मूत्राशय पुरता रिकामा होत नाही आणि लवकर भरतो. ही वाढ बहुधा कर्करोगाची नसते. तथापि खात्री तपासणीनेच होते.

काही रुग्णांत मात्र लघवीच अधिक तयार होते. मधुमेहात रक्तातील जादा साखर लघवीत उतरते व सोबत पाणी ओढून नेते. हृदय दुर्बल असल्यास दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे होताच रक्तात परतते व लघवीवाटे बाहेर पडते. झोपेत घोरताना श्वास अडकणे, सायंकाळचा चहा वा मद्य, तसेच उशिरा घेतलेली लघवी वाढविणारी गोळी हीही कारणे असू शकतात.

निदानासाठी एक सोपा उपाय आहे. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजून वेळेसह टिपून ठेवावी. उतारवयात दिवसरात्रीच्या एकूण लघवीपैकी एकतृतीयांशाहून अधिक लघवी झोपेच्या काळात होत असेल, तर रात्री ती जास्त तयार होते, असे समजावे. ही टिपणे घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि रक्तातील साखर व लघवी तपासून घ्यावी.

दिवसाचे पाणी तोडू नये. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास मात्र बेताने प्यावे. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलावी. अंधारात पडून वृद्धांचे खुब्याचे हाड मोडते, म्हणून वाटेत दिवा ठेवावा. लघवीत रक्त दिसल्यास, जळजळीसह ताप आल्यास किंवा लघवी तुंबल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या लघवीमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. वेळीच सांगितलेल्या तक्रारीवर उपचार आहेत. संकोचापायी लपविलेला आजार मात्र बळावत जातो.