युरिया खाणारी मोटार

उसास युरिया आपण सर्वच घालतों. मोटारीस तो घातलेला पाहण्याचा योग आम्हांस गेल्या वैशाखांत नवी मुंबईस आला. नेरूळ येथें आमच्या भाच्याची डिझेल मोटार आहे. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, तेव्हांपासून कांहीं डिझेल गाड्यांस डिझेलखेरीज युरियाचें पाणीही पाजावें लागतें. शंभर भागांत साडेबत्तीस भाग युरिया, बाकी शुद्ध पाणी. तप्त धुरांत तें फवारलें कीं धुरांतील विषारी वायूंचा निरुपद्रवी नत्र होतो.

आम्ही घरची गोणी देऊं केली. "मामा, तुमचा चालत नाहीं," भाचा म्हणाला. खरेंच, शेतीच्या युरियास २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप असतो, तो यंत्रास बाधतो. शिवाय सवलतीचें खत मोटारीस घालणें हा गुन्हा. महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस हें भाच्यानें सांगावें!

रविवारीं तो म्हणाला, "चला, काजळी जाळून येऊं." धुराच्या नळींत एक गाळणी असते. तींतील काजळी सुमारें ६०० अंशांवर जळते; वाशी-नेरूळच्या आखूड फेऱ्यांत तेवढी धग येत नाहीं. म्हणून कांहीं काम नसतां शीव-पनवेल रस्त्यानें निघालों. धूर कमी व्हावा म्हणून डिझेल जाळावयाचें, हा हिशेब आमच्या दप्तरांत बसेना. कळंबोलीस दिवा विझण्याऐवजीं दुसरा लागला व मोटार गाभण म्हशीच्या चालीनें चालूं लागली. मिस्त्रीनें पाना न घेतां संगणक जोडला. निदान निघालें: एंजिन धडधाकट, मात्र धुराची उष्णता मोजणारी करंगळीएवढी कांडी बिघडली, नवी येण्यास चार दिवस. आम्ही मानसरोवर स्थानकावरून लोकलनें परतलों.

आमच्या विहिरीवरचें पांच अश्वशक्तीचें जुनें एंजिन हँडल मारलें कीं धडधडतें, व त्याचें दुखणें गडी कानानेंच ओळखतो. अर्थात् त्याच्या धुरानें शेजारचा आंबा काळा झाला आहे. तसलीं लाखभर एंजिनें शहरांत चाललीं तर माणसांनीं श्वास कोठें घ्यावा? नियम वेडगळ नाहीं.

परंतु जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांसही धुराचे कडक नियम लागू आहेत, व बहुतेकांत डिझेलचें माप संगणकच ठरवितो. ऐन गळितांत उसाची ट्रॉली जोडलेली असतां अशी कांडी रुसली, तर तोडलेला ऊस चार दिवस वजन राखीत नाहीं. बयाणा देण्यापूर्वीं सुटे भाग तालुक्यास मिळतात काय, संगणकवाला मिस्त्री बांधावर येतो काय, हें विक्रेत्याकडून लिहून घ्यावें.

मोटार पांचवे दिवशीं सुटली. पुढील रविवारीं काजळी जाळण्यास भाच्याचें बोलावणें आलें होतें. आम्हांस उसाच्या युरियाचें काम निघालें.