तक्रारदाराचे नाव आणि निरीक्षकाचा पुरावा

अमेरिकेतील शहरे आणि काउंट्या खाजगी मालमत्तेच्या देखभालीसंबंधी उपविधी करतात. अंगणात माजलेले गवत, बंद पडून गंजणारी मोटार, परवान्याविना वाढवलेली खोली, पोहण्याच्या तलावात साचलेले शेवाळलेले पाणी अशा बाबी त्यांत मोडतात आणि त्यांची तपासणी करणारा अधिकारी म्हणजे उपविधी-निरीक्षक. मोजक्या निरीक्षकांना प्रत्येक परसात डोकावता येत नसल्यामुळे हे काम मुख्यतः नागरिकांच्या तक्रारींवर चालते, आणि म्हणूनच निनावी तक्रारीचे काय करायचे हा या कारभारातील मूलभूत प्रश्न ठरतो.

फ्लोरिडा राज्याने या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले आहे. १ जुलै २०२१ पासून तेथील निरीक्षकाला निनावी तक्रारीवरून चौकशी किंवा कारवाई सुरू करता येत नाही. तक्रारदाराने आपले नाव व पत्ता देणे बंधनकारक आहे. सार्वजनिक आरोग्य, सुरक्षितता किंवा हित यांना तातडीचा धोका असल्याचे, अथवा वन्यजीवांच्या अधिवासाचा किंवा संवेदनशील नैसर्गिक संपत्तीचा नाश ओढवण्याच्या बेतात असल्याचे निरीक्षकाला सकारण वाटल्यास मात्र ही अट लागू होत नाही. शेजाऱ्यांमधील आकसापोटी एकाच घरावर तक्रारींचा मारा होऊ नये आणि सरकारी यंत्रणा सूडाचे साधन बनू नये, हा या बंधनामागील युक्तिवाद आहे व तो रास्तही आहे.

तथापि तक्रारीनंतरची प्रक्रिया पाहिली, तर तक्रारदाराच्या शब्दाला पुराव्याचे स्थान फारसे नसते, हे लक्षात येते. निरीक्षक आधी परवान्यांची नोंद तपासतो, मग जागेवर जातो आणि रस्त्यावरून, किंवा शेजाऱ्याच्या संमतीने त्याच्या आवारातून, जे दिसेल त्याची छायाचित्रे घेतो. तेथे राहणाऱ्याची संमती नसेल तर घराच्या आत पाहण्यासाठी न्यायालयाचे वॉरंट लागते, कारण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोतील कामारा खटल्यात तसा दंडक घालून दिला आहे. उल्लंघन आढळल्यास मालकाला नोटीस देऊन दुरुस्तीसाठी वाजवी मुदत दिली जाते; ती पाळली गेली नाही तर प्रकरण अंमलबजावणी मंडळापुढे किंवा विशेष दंडाधिकाऱ्यापुढे जाते, जेथे शपथेवर साक्षी होतात. दंड सर्वसाधारणपणे पहिल्या उल्लंघनासाठी दिवसाला २५० डॉलरपर्यंत आणि पुनरावृत्तीसाठी ५०० डॉलरपर्यंत असतो, आणि आदेशाची प्रत सार्वजनिक दप्तरात नोंदवली की त्या रकमेचा बोजा मालमत्तेवर चढतो. एवढ्या गंभीर परिणामांचा आधार निरीक्षकाने स्वतः पाहिलेली वस्तुस्थिती हाच असतो.

नावाच्या सक्तीची खरी किंमत मोजतो तो भाडेकरू. फ्लोरिडात सरकारी दप्तर पाहण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिलेला असल्यामुळे, तक्रारदाराचे नाव व पत्ता सर्वसाधारणपणे कोणालाही, कारण न सांगता, मागवता येतो. तक्रार केल्याबद्दल भाडेकरूचा सूड घेण्यास घरमालकाला कायद्याने मनाई आहे. परंतु सूड घेतला गेला हे सिद्ध करण्याचा भार भाडेकरूवर पडत असल्यामुळे, छत गळत असले आणि विजेच्या तारा उघड्या पडल्या असल्या तरी तो गप्प राहणे पसंत करतो.

अशा वेळी अपवादाचा अर्थ लावण्याचे काम निरीक्षकाच्या विवेकावर येते. नाव न सांगणाऱ्याने नेमकी जागा, धोक्याचे स्वरूप आणि तो केव्हापासून आहे हे सांगितले, तर तातडी आहे की नाही हे ठरवता येते. घराच्या तलावाभोवती किमान चार फूट उंचीचा अडसर हा फ्लोरिडातील कायद्याने मान्य केलेला सुरक्षेचा एक उपाय आहे. तेव्हा लहान मुलांच्या वस्तीतील उघड्या तलावाची खबर आणि वाढलेल्या गवताची खबर एकाच तराजूत तोलणे चुकीचे ठरेल. रस्त्यावरून स्वतःला दिसलेल्या उल्लंघनावर निरीक्षक आजही तक्रारीविना कारवाई करू शकतो. परंतु भाड्याच्या घरातील ओल रस्त्यावरून दिसत नाही.

म्हणून तक्रारदाराचे नाव निरीक्षकाकडे नोंदवलेले असावे, मात्र ते सार्वजनिक दप्तरातून वगळले जावे, हाच न्याय्य मार्ग होय. असा अपवाद करण्यासाठी फ्लोरिडाच्या विधिमंडळात दोन्ही सभागृहांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. ते मिळवणे कठीण असले, तरी खोडसाळ तक्रारींना आळा आणि दुर्बल रहिवाशाला संरक्षण या दोन्ही गोष्टी त्यानेच एकत्र साधतील.