अलामार : राहणाऱ्यांनी बांधलेलं उपनगर

(लेखमाला : वेशीबाहेरची शहरं)

हवानाच्या पूर्वेला, खाडीपलीकडे, पाच मजली इमारतींच्या रांगा समुद्राच्या दिशेनं पसरल्या आहेत. हे अलामार. या इमारती ज्यांनी उभारल्या त्यांतले बरेचसे त्याआधी बांधकामावर कधी गेलेलेच नव्हते. ते कारखान्यांतले आणि कचेऱ्यांतले कामगार होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला क्यूबात घरांची टंचाई होती आणि बांधकामाला माणसंही पुरत नव्हती. त्यातून ‘मिक्रोब्रिगादा’ निघाल्या. एखाद्या कारखान्यातले साधारण ३३ जण बांधकामावर जात, पगार चालू राही. मागे राहिलेले जादा तास थांबून त्यांच्या वाटणीचं काम उरकत. जमीन, सिमेंट, यंत्रं सरकारची. इमारत पुरी झाली की घरं कुणाला द्यायची हे कारखान्यातली कामगारांची सभा ठरवी, गरज आणि कामातली निष्ठा पाहून. त्यामुळे घमेली उचलणाऱ्यालाच घर मिळेल असं नसे. मागे राहून यंत्र सांभाळणाऱ्यालाही मिळू शके. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. घर ही साऱ्या कारखान्याची कमाई ठरली.

पण इमारती उभ्या राहिल्या तरी शहर उभं राहिलं नाही. आराखडे साचेबंद होते. पत्ता सांगायचा तर विभागाचा नि इमारतीचा आकडा. नोकऱ्या बहुतेक हवानात, आणि तिथं जायचं तर बसवर भिस्त. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, तिथून येणारं तेल आटलं, तेव्हा हे अंतर जिवावर आलं. ट्रकला जोडलेल्या, दोन वाशिंडांच्या ‘कामेयो’ म्हणजे उंट बसमध्ये माणसं खच्चून भरून जात.

त्याच काळात अलामारनं स्वतःचं काही घडवलं. मियामीची रेडिओ केंद्रं पकडून रॅप ऐकणाऱ्या इथल्या पोरांच्या भागात १९९५ मध्ये क्यूबाचा पहिला रॅप महोत्सव भरला. दोन वर्षांनी इमारतींमधल्या पडीक जागेवर ‘विवेरो अलामार’ ही सहकारी शेती सुरू झाली. एका हेक्टरहूनही कमी जागेत मोजकी माणसं होती. पुढे ही शेती सुमारे ११ हेक्टरांवर गेली. रासायनिक खतं मिळत नव्हती, म्हणून गांडूळखत आलं. किडीसाठी कडुनिंब, वाफ्यांच्या कडेला मका आणि झेंडू. ताजी पालेभाजी शेजारच्या विक्रीकेंद्रावर जाते. वाहतुकीला तेल जवळजवळ लागतच नाही. नफा सभासदांत वाटला जातो.

आराखडा करणाऱ्यांनी दोन इमारतींमध्ये एवढी जागा रिकामी सोडली, याला वर्षानुवर्षं नावं ठेवली गेली. दाटीवाटीनं बांधलं असतं तर ही शेती कुठं झाली असती? आणि जमीन सार्वजनिक होती, म्हणूनच ती कसणाऱ्यांच्या हाती देता आली. बाजारभावानं विकत घ्यावी लागली असती तर तिथं एक वाफाही निघाला नसता.

पुढच्या आठवड्यात जमैकातल्या किंग्स्टनशेजारचं पोर्टमोर.