ट्रॅफिकमध्ये दोन गाड्यांच्या मधून बाइक काढताय? मॅप जे सांगत नाही ते इथे वाचा

परवा माझ्या धाकट्या मावसभावाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, "दादा, बाइक आली! हँडलला लावायला चांगला मोबाइल होल्डर सांग ना. बजेट पाचशे."

मी लिंक शोधायला घेतली आणि थांबलो. कारण दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, घोडबंदर रोडवर, अशाच एका होल्डरमधल्या मोबाइलकडे बघत असताना मी पडलो होतो. ऑफिसमधून घरी येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता, पुढे गाड्यांची रांगच रांग. आपण सगळे करतो तेच मी करत होतो. उजवीकडे कार, डावीकडे टेम्पो आणि मधल्या फटीतून मी. तेवढ्यात स्क्रीनवर पट्टी आली, दुसऱ्या रस्त्याने गेलात तर काही मिनिटं वाचतील. ती वाचायला मान खाली घातली आणि वर बघितलं तेव्हा पुढची कार डावीकडे सरकली होती. हँडल तिच्या आरशाला लागलं आणि मी आडवा.

मागे एक स्कूटरवाला होता, तो वेळेत थांबला. त्याच्या जागी बस असती तर हा लेख लिहायला मी नसतो. मनगट फ्रॅक्चर झालं, सहा आठवडे प्लास्टर. कारवाले काका स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "अरे, मी आरशात बघितलं होतं रे. तेव्हा तू तिथे नव्हतासच."

तेव्हा मला वाटलं, काका स्वतःची बाजू सावरतायत. नंतर गणित मांडून बघितलं तर ते खरं बोलत होते. तेच गणित आज तुम्हाला सांगतो.

लेन स्प्लिटिंग आणि लेन फिल्टरिंग म्हणजे काय?

दोन लेनमधल्या गाड्या हळूहळू सरकत असताना त्यांच्या मधून बाइक पुढे काढणं म्हणजे लेन स्प्लिटिंग. गाड्या पूर्ण थांबलेल्या असताना, म्हणजे सिग्नलला किंवा जाममध्ये, मधून हळू पुढे जाणं म्हणजे लेन फिल्टरिंग. आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे, 'मधून काढणं'. पण जगातले बरेच कायदे या दोन्हींत फरक करतात, तो का ते पुढे कळेलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे इथे 'हायवे' म्हटलं की मुंबईचा वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, ठाण्याचा घोडबंदर रोड, पुण्याचा बायपास असे रस्ते डोळ्यांसमोर आणा. तिथे बाइकला परवानगी आहे आणि संध्याकाळी गाड्या गोगलगायीसारख्या चालतात.

मधे जागा असते तरी किती?

हायवेची एक लेन साधारण ३.५ मीटर रुंद असते. छोट्या कारची रुंदी धरा १.७ मीटर. दोन शेजारच्या लेनमध्ये दोन कार अगदी मधोमध चालल्या, तर दोघींच्या मधे १.८ मीटर जागा उरते. त्यातून दोन्ही बाजूंचे आरसे वजा करा, उरले साधारण १.४ मीटर. बाइकचं हँडल पाऊण ते ०.८ मीटर. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक फूट.

आता एका कारच्या जागी ट्रक किंवा बस ठेवा. तिची रुंदी अडीच मीटर. हिशोब केला तर आरसे सोडून मधे एक मीटर उरतो. तुमच्या हँडलच्या दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नाही. दोन बसच्या मधे तर बोलायलाच नको.

आणि हे सगळं 'प्रत्येक जण लेनच्या मधोमध चालतोय' असं धरून. आपल्या रस्त्यावर असं कधी झालंय का?

'आरशात तू नव्हतास' हे खरं कसं?

समजा कार ताशी १० किमीने सरकतेय आणि तुम्ही मधून ताशी ३५ किमीने येताय. दोघांच्या वेगातला फरक २५ किमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर.

कारवाला आरशात बघतो, मग पुढे बघतो, मग स्टिअरिंग फिरवतो. या सगळ्याला तीन सेकंद धरा. तेवढ्यात तुम्ही त्याच्या जवळ २१ मीटर आलेले असता. म्हणजे त्याने आरशात बघितलं तेव्हा तुम्ही पाच-सहा कारच्या मागे होतात. तेही रांगेतल्या इतर गाड्यांच्या आडोशाला. त्याने बघितलं, पण त्याला दिसणार कसं?

आता तुमची बाजू. समोर काहीतरी घडलंय हे कळून ब्रेकवर हात-पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरू. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक. पूर्ण थांबायला साधारण एवढं अंतर लागतं:

- ताशी २० किमी: ११ मीटर
- ताशी ३० किमी: १८ मीटर
- ताशी ४० किमी: २७ मीटर

वेग दुप्पट झाला की अंतर दुप्पट नाही, जवळजवळ अडीचपट होतं. ओल्या रस्त्यावर आणखी जास्त. लेनचे पांढरे पट्टे पावसात किती घसरतात हे तुम्हाला माहीत असेलच. मधून काढताना आपलं चाक नेमकं त्याच पट्ट्यावर असतं.

"माझ्या बाइकला एबीएस आहे" असं म्हणणारा एक मित्र प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असतोच. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं आहे, हे बरोबर. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. तुमचा दीड सेकंद ते कमी करत नाही.

आणि मोबाइल? ताशी ३० किमी वेगात फक्त दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर बाइक जवळपास १७ मीटर पुढे जाते. चार छोट्या कार एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढं अंतर तुम्ही डोळे मिटून गेलात असं समजा.

मॅपला कळतं का तुम्ही मधून चाललाय?

गुगल मॅप्सवरचे हिरवे, केशरी, लाल रस्ते कुठून येतात? रस्त्यावरच्या आपल्यासारख्यांच्याच मोबाइलमधून. लोकेशन चालू असलेले फोन किती वेगाने सरकतायत यावरून रस्त्याचा वेग काढला जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने बर्लिनमधला आपला एक प्रयोग लोकांपुढे आणला. हातगाडीत ९९ मोबाइल ठेवून तो रिकाम्या रस्त्यावरून रमतगमत चालला आणि मॅपवर तो रस्ता लाल झाला!

आता उलटं करून बघा. कार अडकल्यात आणि शंभर बाइकवाले मधून ताशी २५ किमीने निघून चाललेत. सगळ्या फोनना सारखंच मोजलं, तर मॅपला वाटेल रस्ता बरा चाललाय. म्हणूनच भारत, इंडोनेशिया आणि इजिप्तसारख्या देशांत कार आणि मोटरसायकल यांच्यातला फरक आपण ओळखू शकतो, असं त्या वेळी गुगलने सांगितलं होतं. बाइकसाठी वेगळा मोडही डिसेंबर २०१७ मध्ये सर्वात आधी भारतातच आला.

पण इथे एक मर्यादा आहे. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. लेन किती रुंद? ३.५ मीटर. म्हणजे तुम्ही कुठल्या लेनमध्ये आहात हे सुद्धा फोनला खात्रीने सांगता येत नाही. मग तुम्ही दोन लेनच्या मधे आहात आणि शेजारचा टेम्पो वळणार आहे, हे कुठून कळणार? मॅपवरची वेळ हा अंदाज आहे, टार्गेट नाही. दोन मिनिटं उशीर दाखवला म्हणून ते मधून काढून भरून काढायची गरज नाही.

इतर देशांत काय नियम आहेत?

- कॅलिफोर्निया: अमेरिकेत लेन स्प्लिटिंगला कायद्यात जागा देणारं हे पहिलं राज्य. २०१६ मध्ये कायदा झाला, २०१७ च्या सुरुवातीपासून लागू.
- युटा: २०१९ पासून फक्त फिल्टरिंग. पुढच्या गाड्या थांबलेल्या हव्यात आणि बाइकचा वेग ताशी १५ मैल, म्हणजे २४ किमीपर्यंतच.
- ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स: जुलै २०१४ पासून परवानगी, वेग ताशी ३० किमीपर्यंत. शिकाऊ चालकांना परवानगी नाही.
- फ्रान्स: बरीच वर्षं प्रयोग करून जानेवारी २०२५ पासून देशभर परवानगी. दुभाजक असलेल्या मोठ्या रस्त्यावर, दाट ट्रॅफिकमध्ये, ताशी ५० किमीपर्यंत. एखादी रांग थांबलेली असेल तर ३० किमीपर्यंत.

देश वेगवेगळे असले तरी जोर एकाच गोष्टीवर आहे, वेग कमी ठेवा. कारण वरचं गणित सगळीकडे तेच लागू होतं.

आणि आपल्याकडे?

वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांनुसार लेन आखलेल्या असतील तर लेनमध्येच चालवायचं आणि इशारा देऊनच लेन बदलायची. मधून काढण्यासाठी बाइकला वेगळी सवलत नाही. प्रत्यक्षात रोज लाखो लोक मधूनच जातात, हेही खरं. आणि सरकारी आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले, त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हे सगळे मधून काढताना गेले असं अजिबात नाही. पण अपघात झाला की दुचाकीवाल्याच्या आणि रस्त्याच्या मधे काहीच नसतं, एवढं त्यातून कळतं.

मग मधून काढणं वाईटच का?

इतकं सोपं उत्तर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये अपघात झालेल्या ५,९६९ मोटरसायकलस्वारांची माहिती तपासली. त्यातले ९९७ जण अपघाताच्या वेळी लेन स्प्लिटिंग करत होते. त्यांना मागून धडक बसण्याचं प्रमाण २.६ टक्के होतं, इतरांमध्ये ४.६ टक्के. डोक्याला मार लागण्याचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे रांगेत दोन गाड्यांच्या मधे सँडविच होण्याची भीती खरी आहे.

पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजू बघा. मधून जाणाऱ्यांनी स्वतः पुढच्या गाडीला धडक देण्याचं प्रमाण ३८.४ टक्के होतं, इतरांचं १५.७. निष्कर्ष असा होता की ट्रॅफिक ताशी ५० मैलांपेक्षा हळू असेल आणि बाइकचा वेग आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा ताशी १५ मैलांहून जास्त नसेल, तर धोका तुलनेने कमी राहतो. १५ मैल म्हणजे २४ किमी. एक लक्षात ठेवा, हा अभ्यास अपघात झालेल्यांचाच आहे. मधून गेल्याने अपघात किती वाढतात किंवा कमी होतात, हे त्यातून कळत नाही. शिवाय तिथे मधेच थांबणारी रिक्षा नसते, आणि बसमधून भर रस्त्यात उतरणारे प्रवासीही नसतात.

मोबाइलचं नेमकं काय करायचं?

मी पडल्यावर या सवयी लावून घेतल्या:

१. रूट निघण्याआधीच लावा आणि आवाज चालू ठेवा. वळण आवाजावरून कळतं. २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमही हेच सांगतो, मोबाइल फक्त रस्ता बघण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने.

२. 'डू नॉट डिस्टर्ब' किंवा आयफोनवरचा 'ड्रायव्हिंग फोकस' चालू करा. स्क्रीनवर काही आलंच नाही तर मान खाली जाणारच नाही.

३. जाम लागला की मॅप बघायचाच नाही. रस्ता सरळच आहे, वळण पळून जात नाही. अगदीच बघायचं तर बाइक कडेला थांबवून.

४. महागडा फोन हँडलवर नकोच. मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलच्या थरथरीमुळे आयफोनच्या कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनवर परिणाम होऊ शकतो, असं २०२१ मध्ये खुद्द अ‍ॅपलने सांगितलंय. लावायचाच असेल तर थरथर शोषून घेणारा होल्डर घ्या.

५. लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती भरा. घरच्यांचा नंबर, रक्तगट. मी पडलो तेव्हा फोन लॉक होता आणि स्क्रीन फुटलेली. काकांना माझ्या घरी फोनच करता येईना. हे सेटिंग दोन मिनिटांचं काम आहे, आत्ताच करून टाका. आणि ११२ हा नंबर लक्षात ठेवा.

आणि बाइकसाठी तीनच गोष्टी. गाड्या चालू लागल्या की लगेच लेनमध्ये परत या. ट्रक किंवा बसच्या शेजारून मधे शिरू नका. आणि मागचा बाइकवाला हॉर्न वाजवतोय म्हणून वेग वाढवू नका. त्याला जाऊ द्या.

मावसभावाला शेवटी मी होल्डरची लिंक पाठवलीच नाही. त्याऐवजी वरचं क्रमांक पाचचं सेटिंग कसं करायचं त्याचे स्क्रीनशॉट पाठवले. त्याचं उत्तर आलं, "दादा, होल्डर मागितला होता!" पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला, "बरं, भरली माहिती. आईचा नंबर टाकलाय."

तुम्ही कोणाचा नंबर टाकलाय? नसेल तर हा लेख बंद करण्याआधी टाका. आणि हो, तुमच्या रोजच्या रस्त्यावर मधून काढताना सर्वात धोक्याची जागा कोणती, ते कमेंटमध्ये नक्की सांगा.